घट केव्हा आली?

हुपरीत चांदी वजनाने येते आणि वजनानेच परत जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावी पैंजण घडवण्याचा व्यवसाय घरोघर चालतो. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या जुळवणे, डाग देणे, घासणे, घुंगरे बसवणे, उजाळा देणे ही कामे बहुधा एकाच हातची नसतात. माल एका उंबरठ्यावरून दुसऱ्या उंबरठ्यावर जातो आणि प्रत्येक उंबरठ्यावर तराजू असतो. दिलेले वजन आणि परत आलेले वजन यांत जो फरक पडतो, त्यास या धंद्यात 'घट' म्हणतात. थोडी घट गृहीतच धरलेली असते. मात्र ती अपेक्षेपेक्षा अधिक भरली, की प्रश्न उभा राहतो : घट केव्हा आली?

हा प्रश्न हिशेबाचा आहे. पण त्याचे उत्तर व्याकरणातून द्यावे लागते. घासणाऱ्याकडून मराठीत तीन उत्तरे संभवतात : 'घासताना गेली', 'घासता घासता गेली' आणि 'घासण्यात गेली'. तिन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी बोलतात, परंतु ती एकच गोष्ट सांगत नाहीत. 'घासताना' या रूपात काम चालू आहे आणि करणाराही तेथेच आहे. त्याचे नाव उच्चारलेले नाही, एवढेच. 'घासता घासता' या द्विरुक्तीत कालावधी लांबतो, नुकसान कणाकणाने होते आणि ते करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे असेही सुचते. 'घासण्यात' म्हटले की क्रिया नामरूप होते, चांदी कामाच्या पोटात जाते आणि कानस धरणारा हात वाक्यातून बाहेर पडतो. धनी आणि कारागीर यांच्यातील तंटा कित्येकदा या तीन प्रत्ययांच्या मधल्या जागेत मिटतो अथवा पेटतो.

याच घरातील एखादी मुलगी महाविद्यालयात गेली आणि तिला आपल्या घरच्या व्यवसायाची प्रक्रिया इंग्रजीत लिहावयास सांगितले, अशी कल्पना करावी. तिच्या हाती येणारे पहिले शब्द 'ड्युरिंग द प्रोसेस' हेच असतील. इंग्रजी भाषकांपाशी याखेरीज काही नाही, असे मात्र समजू नये. 'व्हाइल' आहे, 'ॲज' आहे. 'हाफवे थ्रू', 'अर्ली ऑन', 'टुवर्ड्स द एन्ड', 'ॲट धिस स्टेज' अशी एक संपूर्ण मालिका आहे. या मालिकेकडे नीट पाहिले असता तिच्यामागील कल्पना दिसते. प्रक्रिया हा रस्ता मानलेला असतो आणि घटना हा त्या रस्त्यावरील मैलाचा दगड. बोलणारा रस्त्याच्या कडेला उभा राहून दगड मोजतो. 'इन द प्रोसेस' या प्रयोगाचा पोत थोडा निराळा आहे. करायचे एक होते आणि ते करताकरता दुसरेच काही घडले, असा आनुषंगिक हानीचा सूर त्यात पुष्कळदा असतो. घटीच्या प्रश्नाला इंग्रजीतील हेच सर्वांत जवळचे उत्तर होय.

इंग्रजी भाषक नामाकडे इतक्या सहजपणे का वळतो, याचे एक कारण त्या भाषेच्या रचनेतच सापडते. 'व्हाइल फायलिंग' अशी सुरुवात करून पुढे 'चांदी' हा कर्ता आणला, तर चांदीच घासत होती असा अर्थ निघतो, आणि शाळेतील शिक्षक लोंबकळते धातुसाधित म्हणून त्यावर तांबडी रेघ ओढतो. ही अडचण चुकवावयाची तर कर्ता स्पष्ट सांगावा, नाहीतर क्रियेचे नाम करून तिच्यामागे 'ड्युरिंग' लावावे. अहवाललेखनाने दुसरा मार्ग पत्करला. मराठीला ही अडचण मुळातच नाही. 'घासताना चांदी गेली' या वाक्यात घासणारा एक आणि जाणारी दुसरी, हे मराठी कान विनासायास ऐकतात. '-ताना'ला समान कर्त्याची अट नाही. ती बव्हंशी '-ऊन'ला आहे. म्हणूनच 'घासून चांदी गेली' म्हणताच काळ मागे पडतो आणि कारण पुढे येते.

असे असता 'घासण्याच्या प्रक्रियेदरम्यान घट झाली' हे वाक्य मराठीत कोठून आले? जो आजार आपल्याला नव्हता, त्यावरचे औषध आपण घेतले, असे म्हणावे लागते. यातील 'दरम्यान' हा शब्द फारसीतून आलेला. 'दर' म्हणजे आत, 'मियान' म्हणजे मध्य. दोन गावांच्या वा दोन व्यक्तींच्या मधली जागा दाखवणारा हा शब्द वृत्तपत्रांच्या आणि कचेऱ्यांच्या मराठीत 'ड्युरिंग'चा प्रतिशब्द होऊन बसला. येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवावी लागते. इंग्रजीतील 'ड्युरिंग' हे मूळचे धातुसाधितच आहे. 'टिकणे, चालू राहणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून ते आले. म्हणजे 'युद्ध चालू असताना' याच जातीची ती रचना होती. कालांतराने तिच्यातील क्रिया गोठली आणि शब्दयोगी अव्यय तेवढे उरले. इंग्रजीच्या इतिहासात जे धातुसाधित थिजले, त्याच्या थिजलेल्या रूपासाठी मराठीने आपले जिवंत धातुसाधित बाजूला सारले.

प्रक्रियेच्या आतील काळाचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. पतंजलीने महाभाष्यात वर्तमानकाळाची चर्चा करताना अशी शंका घेतली आहे, की अध्ययन करणारे मध्येच जेवत असतील, तर 'आम्ही येथे अध्ययन करतो' हे म्हणणे खरे कसे? आरंभिलेली क्रिया जोवर सोडून दिलेली नाही, तोवर ती चालूच आहे, ही त्याची दिशा. आणि जेवणारा माणूसही मध्येच हसतो, बोलतो, पाणी पितो, हा त्याचा दाखला. भर्तृहरीने क्रमाने घडणाऱ्या अवयवांचा बुद्धीने एकत्र धरलेला समूह म्हणजे क्रिया, अशी मांडणी केली. या विचारात प्रक्रिया हा बाहेरून पाहावयाचा रस्ता नाही; ती करणाऱ्याच्या अनुसंधानाने एकत्र राहते. आधुनिक पाश्चात्त्य भाषाविचारही पुढे याच अडचणीशी आला. झेनो वेंडलरने १९५७ मध्ये क्रियापदांचे कालदृष्ट्या चार वर्ग केले आणि डेव्हिड डाउटीने १९७०च्या दशकात अपूर्ण क्रियेचा विरोधाभास मांडला. 'तो चालत होता' यावरून तो चालला हे सिद्ध होते. परंतु 'तो पैंजण घडवत होता' यावरून पैंजण घडले हे सिद्ध होत नाही. हुपरीतील अर्धवट जुळलेल्या साखळीला हे प्रमेय वेगळे शिकवावे लागत नाही.

कारागिराच्या बोलण्यात तर काळाची खूण पदार्थच देतो. सवागी फुलली की, चांदीचे पाणी झाले की, तार कडक लागू लागली की. हा 'की' कालवाचक आहे आणि संकेतवाचकही. इंग्रजीत येथे 'व्हेन', 'इफ', 'वन्स' यांतून निवड करावी लागते. मराठी ती निवड लांबणीवर टाकते, कारण पुढची कृती घड्याळावर नव्हे, तर समोरच्या पालटावर अवलंबून असते. तार ओढता ओढता कडक होते. ती तापवून मऊ केल्याशिवाय पुढच्या भोकातून ओढू गेल्यास तुटते. 'केल्याशिवाय', 'ओढू गेल्यास' ही रूपे म्हणजे त्या कामाचे ज्ञानच होय.

साहित्यसमीक्षेला या चर्चेशी काय कर्तव्य, असे वाटेल. परंतु 'निर्मितिप्रक्रिया' हा आपल्या समीक्षेचा लाडका शब्द आहे. 'निर्मितिप्रक्रियेदरम्यान अनुभवाचे रूपांतर होते' असे वाक्य लिहिताना कवी नेमका कोठे असतो? गजानन माधव मुक्तिबोध यांनी 'तीसरा क्षण' या हिंदी लेखात कलेचे तीन क्षण कल्पिले. तीव्र अनुभवाचा पहिला, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसी होण्याचा दुसरा आणि तिला शब्दरूप येऊ लागण्याचा तिसरा. वरवर हे मैलाचे दगडच भासतात. पण शब्दबद्ध होता होता ती फँटसी स्वतःच बदलत जाते, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे. ते 'दरम्यान'मध्ये मावत नाही. त्याला 'होता होता'च हवे.

तथापि नामाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. 'घासण्यात गेली' या वाक्याने कर्ता पुसला जातो हे खरे. पण ते पुसणे कित्येकदा कारागिराच्या रक्षणासाठीच असते. कोणीही घासले असते तरी एवढी चांदी गेलीच असती, हे सांगण्याची सोय नामरूपाखेरीज कशात आहे? घटीचे प्रमाण आधी ठरवता येते, ते कामाला कर्त्यापासून वेगळे करता येते म्हणूनच. शास्त्र, कायदा आणि मजुरीचा करार यांना अशी नामे लागतातच. प्रश्न 'दरम्यान' असावे की नसावे हा नाही. 'घासण्यात' आणि 'घासताना' यांतील फरक बोलणाऱ्याला उपलब्ध राहावा, हा आहे. दोन्ही रूपे हाताशी असतील, तर एक निवडणे ही भूमिका ठरते आणि तिला प्रतिप्रश्न करता येतो. एकच उरले, तर भूमिका दिसेनाशी होते.

तराजूचे पारडे वर जाते तेव्हा धनी विचारतो, घट केव्हा आली? कारागीर म्हणतो, घासण्यात. धनी म्हणतो, घासताना? या दोन शब्दांमध्ये त्या दिवसाची मजुरी असते. ज्या भाषेत हे दोघे एकमेकांना असे अडवू शकतात, त्या भाषेत अहवालापुरते एकच उत्तर ठेवले, तर जाणारी घट कोणत्याही तराजूत दिसणार नाही.