या स्नायूबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं!

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि झरीच्या चौकात चहाच्या टपरीवर उभं राहून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहितोय. पुरुषाच्या ओटीपोटाच्या अगदी तळाशी, मागच्या माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत, स्नायूंचा एक थर ताणलेला असतो. लघवी तोच अडवतो. चारचौघांत पोटात वायू झाला तर इज्जत तोच राखतो. आणि लिंगाला पूर्ण ताठरता येते ती शेवटच्या टप्प्यात याच थरातल्या स्नायूंच्या जोरावर! त्याला व्यायाम देता येतो, तो व्यायाम शिकवणारे पदवीवाले फिजिओथेरपिस्ट असतात, आणि त्याने माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाला फरक पडतो. मला पडला! एवढी मोठी गोष्ट आणि आपल्याला कुणी सांगितलेली नाही. ना शाळेत, ना लग्नाच्या वेळी, ना दवाखान्यात.

माझं झरी जामणी तालुक्यात कृषी केंद्र आहे. खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, इकडे मुकुटबनच्या सिमेंटच्या गाड्यांनी उखडलेले रस्ते. जूनमध्ये कपाशीचं बियाणं, मग खत, मग फवारणीची औषधं. दिवसभर खुर्चीवर बसायचं आणि उधारीची वही पाहायची. शुगर काठावर, झोप कमी. आणि दोनेक वर्षांपासून रात्रीचा तो प्रश्न. कधी ताठरता यायचीच नाही, कधी यायची आणि मध्येच जायची. मग आपण आपलं कुशीवर वळायचं आणि उद्या बँकेत जायचंय असं काहीतरी पुटपुटायचं. ज्यांना हे माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.

अशा माणसाला आपल्याकडे वाट दाखवतो कोण? भिंत. बसस्थानकाच्या मुतारीतली भिंत, रेल्वेरुळालगतची भिंत, आठवडी बाजारातल्या जडीबुटीच्या तंबूवरचं कापड. ‘मर्दाना कमजोरी, खात्रीशीर इलाज.’ गंमत बघा, नपुंसकत्व बरं करतो किंवा कामशक्ती वाढवतो अशी औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा म्हणतात त्याला. सत्तर वर्षं झाली कायद्याला, आणि भिंती अजून तशाच रंगलेल्या.

मी तंबूत गेलो नाही, नागपूरला गेलो. पांढरकवड्याला हायवे धरला, की हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत माणूस पोहोचतो, आणि तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. मूत्ररोगतज्ज्ञाने आधी रक्त तपासलं, शुगर पाहिली, बीपी पाहिलं, छातीची पट्टी (ईसीजी) काढायला लावली. मी म्हटलं, डॉक्टर, दुखणं खाली आहे, छाती कशाला? त्यांनी सांगितलं ते प्रत्येक पुरुषाने ऐकावं असं आहे. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्या आतून अरुंद व्हायला लागल्या, तर पहिला परिणाम बऱ्याचदा इथे दिसतो आणि हृदयाचं कळायला आणखी काही वर्षं लागतात. म्हणजे ज्याची लाज वाटते ती तक्रार कधीकधी हार्ट अटॅकची आगाऊ सूचना असते! माझं हृदय ठीक निघालं. डॉक्टरांनी ताठरतेसाठी गोळी लिहून दिली (हृदयासाठी नायट्रेटची, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असणाऱ्याने ही गोळी घ्यायचीच नाही, बीपी एकदम खाली जाऊ शकतं, हेही बजावलं) आणि चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ लिहिली: पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपी.

मला वाटलं, कंबर दुखते म्हणून असेल.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा पोरगा. टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा, त्यात लाल रबराचे स्नायू. त्याने दोन स्नायूंवर बोट ठेवलं. एक लिंगाच्या मुळाला दोन्ही बाजूंनी धरतो, इशिओकॅव्हर्नोसस. दुसरा मधोमध मूत्रनळीला खालून वेढतो, बल्बोकॅव्हर्नोसस. नावं पाठ व्हायला मला आठवडा लागला, पण काम तिथल्या तिथे कळलं. शेतीवाल्याला कळेल असंच काम आहे ते. कोल्हापुरी बंधाऱ्यात पाणी आलं म्हणून साठत नाही, बरगे टाकावे लागतात. रक्ताचं तसंच. इच्छा झाली की धमन्या उघडतात, रक्त येतं, फुगवटा येतो. आतल्या फुगवट्यानेच परतीच्या शिरा बाहेरच्या जाड आवरणाखाली दाबल्या जातात. वरून हे स्नायू मूळ आवळतात, तेव्हा आतला दाब माणसाच्या बीपीच्याही वर जातो आणि पूर्ण ताठरता येते. बरगे ढिले असतील तर? नाला वाहतो, बंधारा कोरडा.

अहो, मी टेबलावरचा तो लाल रबराचा तुकडा हातात घेऊन बसलो. दोन वर्षं ज्याला मी वय समजत होतो, नशीब समजत होतो, तो निदान काही अंशी एक स्नायू होता!

मग तपासणी. हे मोकळेपणाने सांगतो, कारण इथेच लोक घाबरतील. आधी सगळं समजावून सांगून परवानगी घेतली. बाहेरून, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवून स्नायू हलतो का ते पाहिलं. लागलं तर हातमोजा घालून गुदद्वारातूनही तपासतात, नको म्हटलं तर करत नाहीत. माझ्या बाबतीत दोन चिकट पट्ट्या लावल्या आणि तारा लॅपटॉपला जोडल्या. पडद्यावर हिरवी रेष. स्नायू आवळला की रेष वर, सोडला की खाली. बायोफीडबॅक म्हणतात याला.

“काका, लघवी मध्येच थांबवतो तसं आत ओढा.”

ओढलं. रेष टुणकन वर.

“आता सोडा.”

“सोडलं.”

“नाही सोडलं, काका. रेष बघा.”

रेष खरंच वरच होती! खाली येईचना. मी मांड्या सैल केल्या, खांदे पाडले, दात उघडले. रेष जराशी उतरली आणि पुन्हा अडकली. तो हसला आणि म्हणाला, तुमचा स्नायू नुसता कमजोर नाही, तो दिवसभर आवळलेला आहे, त्याला सोडणं माहीतच नाही. आधीच ताणलेला स्नायू ऐनवेळी आणखी काय आवळणार?

म्हणून सुरुवातीला मला आवळायला शिकवलंच नाही. सोडायला शिकवलं. उताणं झोपायचं, गुडघे वर, एक हात पोटावर. श्वास आत घेताना पोट वर येतं आणि त्याच वेळी तळाचा थर खाली उतरतो, तो उतरू द्यायचा. बस. एवढंच. माझ्यासारख्या माणसाला, जो हिशेब करतानाही श्वास धरून बसतो, हे जमायला वेळ लागला. ज्या दिवशी ती हिरवी रेष सरळ तळाला जाऊन बसली, त्या दिवशी मी त्या पोराला मिठी मारायचा बाकी होतो. मोबाईलवर बघून नुसतं आवळत सुटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. स्नायू आधीच ताणलेला असेल, ओटीपोटात किंवा अंडकोशात दुखत असेल, तर नुसतं आवळून दुखणं वाढू शकतं.

मग आवळणं आलं. आरशासमोर उभं राहायचं. बरोबर जमलं तर लिंगाचं मूळ आत ओढलं जातं आणि अंडकोश किंचित वर उचलले जातात. दिसतं! डोळ्यांनी दिसतं! पोट कडक झालं, ढुंगण आवळलं किंवा श्वास रोखला, तर काम चुकलं. जमेल तितका वेळ, जास्तीत जास्त 10 सेकंद धरायचं, मग तेवढंच सोडायचं. झोपून 3, बसून 3, उभं राहून 3, सकाळी आणि संध्याकाळी. यंत्र नाही, तेल नाही, पुडी नाही. युरियाच्या पोत्यावर रेलून गिऱ्हाइकाशी डीएपीच्या भावावर बोलतानाही करता येतं, मी करतो. लघवी झाल्यावर एकदा जोरात आवळायचं, म्हणजे नळीत उरलेले थेंब बाहेर पडतात. पँटवर डाग पडायचे ते याने गेले, आणि खरं सांगतो, पहिला फरक मला तिथेच दिसला. मात्र लघवी चालू असताना रोज मध्येच थांबवायची सवय लावू नका. तो फक्त स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळचा प्रयोग.

घरी येऊन वाचत सुटलो. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 साली बाळंतपणानंतर सैल पडलेल्या तळासाठी हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगेल म्हणतात. बायकांसाठी! पुरुषांकडे लक्ष जायला पुढे अर्धं शतक गेलं. ग्रेस डोरी या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने ताठरतेची तक्रार असलेल्या 55 पुरुषांना हा व्यायाम आणि राहणीतले बदल दिले. 2005 साली छापलेला निकाल असा, की सहा महिन्यांनंतर 40 टक्क्यांचं काम पूर्ववत झालं, 35.5 टक्क्यांना सुधारणा दिसली, 24.5 टक्क्यांना काहीच फरक नाही. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम लिहितोय. भिंतीवरच्या जाहिरातीत तो कधी नसतो. शीघ्रपतनाचंही तेच. इटलीत पास्तोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली छापलेल्या अभ्यासात जन्मभर ही तक्रार असलेल्या 40 पैकी 33 पुरुषांना 12 आठवड्यांच्या उपचारांनी ताबा आला. अभ्यास लहान आहेत, मान्य. पण दिशा दिसते की नाही?

आणि आपल्या योगात अश्विनी मुद्रा आहे, मूलबंध आहे, दोन्ही हाच तळ आवळण्याच्या क्रिया. घेरंडसंहितेत दोन्ही सांगितलेत. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तर नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करताना आतड्यातला दाब पाऱ्याच्या यंत्राने मोजला होता. म्हणजे पोटाच्या आत काय घडतं ते यंत्रावर बघण्याची हौस आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांची आहे! मात्र मूलबंध येतो म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जायची गरज नाही, असं कुणी म्हणू नये. मलाही वाटायचं की मी सोडलंय. रेषेने खोटं पाडलं.

बायकोला कधी सांगितलं? उशिराच. रात्री दिवा मालवल्यावर भीत भीत सगळं सांगितलं, हिरव्या रेषेसकट. ती म्हणाली, “अहो, हे तर मला धाकट्याच्या बाळंतपणानंतर नर्सबाईंनी शिकवलं होतं. तुम्ही इतके दिवस बोलले काहून नाही? मला वाटे, तुमचं माझ्यावरचं मन उडालं.” त्या दोन वर्षांत तिच्या मनात काय चाललं असेल याचा मी विचारही केला नव्हता. त्या रात्री काही घडलं नाही, आणि घडायला हवं अशी घाईही कुणाला नव्हती. काही महिन्यांनी घडायला लागलं. गोळी पूर्ण सुटलेली नाही, पण लागते कमी. शुगरसाठी रोज चालतो, त्याचाही यात वाटा असणार, सगळं श्रेय व्यायामाला देणं बरं नव्हे.

र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं द्यायचे. 1927 ते 1953, मरेपर्यंत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि 1934 साली तो लढवायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. एवढं ज्यांनी सोसलं त्यांच्या मराठीत आज आमच्या तालुक्यातला माणूस ओटीपोटाच्या तळाचा स्नायू हे तीन शब्द बोलायला नागपूर गाठतो, हे मला काही पटत नाही. गाडीभाडं परवडतं म्हणून मी गेलो. पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, कोलाम आदिवासी बांधव किंवा कापूस वेचणारा मजूर कुठून जाणार? त्याच्या नशिबी तंबूच.

तेव्हा आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. बाळंतिणीला जो व्यायाम सांगता, तो तिच्या नवऱ्यालाही सांगा. आणि महिन्यातून एक दिवस तरी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तो शिकवणारं माणूस बसवा. खर्च एका खोलीचा आणि एका पडद्याचा. आणि वाचणाऱ्या भाऊंनो, तुम्ही आधी शुगर, बीपी आणि हृदय तपासून घ्या, मग जवळच्या फिजिओथेरपिस्टला फोन करून एवढंच विचारा, “पुरुषांची पेल्व्हिक फ्लोअर थेरपी करता का?” नाही म्हणाले, तर करणाऱ्याचा नंबर मागा.