रिकामा रांजण

दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्यास क्षणही पुरतो. तो शोधून काढण्यास मात्र धीर लागतो. हा बोध आम्हीं वर्गांत अनेकदां केला असेल. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हांस गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्याच मोटारसायकलीनें शिकविला.

आमचें बिऱ्हाड वाईस आणि शाळा पांचगणीस. मध्यें पसरणीचा घाट. जाणें-येणें रोजचें. आमच्या गाडीस पायानें मारावयाची किक नाहीं. बटण दाबावें आणि इंजिनानें जागें व्हावें, अशी तिची नवी रचना. भाद्रपदांतील एका सोमवारीं आम्हीं बटण दाबलें, तों ‘टक्’ असा एकच आवाज होऊन सारें शांत झालें. शेजारच्या मुलांनीं ढकलून गाडी सुरू करून दिली. पुढील सोमवारीं पुन्हां तोच प्रकार! बॅटरी म्हातारी झाली, असा निकाल देऊन आम्हीं नवी बसवून घेतली.

महिनाहि लोटला नाहीं तोंच सहामाही परीक्षेचा पहिला दिवस उगवला. तोहि सोमवारच. प्रश्नपत्रिका आमच्या पिशवींत आणि गाडी निश्चल. ढकलूनही उपयोग होईना. एस. टी. गांठून शाळेंत पोहोंचलों, तेव्हां पाऊण तास उलटून गेला होता. कोऱ्या उत्तरपत्रिकांवर नांवें घालून मुलें दाराकडे डोळे लावून बसलीं होतीं. तें दृश्य आम्हांस फार लागलें.

सायंकाळीं आम्ही तडक मिस्त्रींच्या दुकानीं गेलों आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालों, “मिस्त्री, जुनी बॅटरी नवी म्हणून आमच्या गळ्यांत बांधलीत. हें तुम्हांस शोभलें नाहीं.”

मिस्त्री आमच्याहून वयानें वडील. त्यांनीं हात पुसले आणि शांतपणें विचारलें, “मास्तर, गाडी सोमवारीच बंद पडती ना?”

आम्ही चमकलों. इतका साधा मुद्दा आमच्या ध्यानांत आला नव्हता.

“बॅटरी म्हंजे रांजण,” ते म्हणाले. “रांजण रिकामा दिसला तर तीन गोष्टी बघायच्या. रांजण फुटलाय का? पाणी नीट भरतंय का? आन् कुठं गळतंय का? आपण एकदम रांजणच बदलला.”

त्यांनीं बॅटरी रात्रभर भरावयास लाविली. दुसऱ्या दिवशीं ती कांहीं तास विसावल्यावर मल्टिमीटर लावून पाहिला, तों 12.7 व्होल्ट दाब दिसला. शिशाच्या बॅटरींत सहा घर असतात व प्रत्येकाचा दाब सुमारें 2.1 व्होल्ट, तेव्हां भरलेल्या बॅटरीचा हा दाब योग्यच होता. बटण दाबतांना तो साडेदहाच्या खालीं उतरला नाहीं. रांजण शाबूत होता. मग इंजिन चालू करून वेग वाढविला, कांटा 14.2 वर स्थिरावला. म्हणजे पाणीहि नीट भरत होतें.

राहिली गळती. किल्ली काढून घेऊन त्यांनीं बॅटरीच्या ऋण टोंकाची तार सोडविली व ती तार आणि तें टोंक यांच्या मध्यें मीटर जोडला. गाडी झोंपलेली असतां घड्याळापुरता एकदोन मिलिअँपिअर प्रवाह दिसावयाचा, दिसला 120! मिस्त्रींनीं एकेक फ्यूज काढून पाहिला, परंतु आंकडा हालेना. तेव्हां त्यांनीं बॅटरीच्या धन टोंकास जोडलेल्या एका बारीक तांबड्या तारेवर बोट ठेविलें. “ही कुणी जोडली?”

ती आम्हींच जोडली होती. उन्हाळ्याच्या सुटींत मोबाईल भरण्यासाठीं हँडलवर एक सॉकेट बसवून, किल्लीची वाट टाळून, आम्हीं तार थेट बॅटरीस लाविली होती; दुसरें टोंक सांगाड्यास. मध्यें फ्यूजहि घातला नव्हता. पावसाचें पाणी शिरून सॉकेटच्या आंत हिरवा कळंक चढला होता आणि त्यांतून प्रवाह अहोरात्र झिरपत होता. तार सोडवितांच आंकडा एकावर आला. “जळली न्हाई हेच नशीब,” मिस्त्री पुटपुटले.

पुढील गणित आम्हांसच करतां आलें. शनिवारीं दुपारीं ठेविलेली गाडी सोमवारीं सकाळीं काढावयाची, म्हणजे त्रेचाळीस तास. तेवढ्या वेळांत पांच अँपिअर-तासांहून अधिक वीज वाहून जाई. आणि बॅटरी अवघी नऊ अँपिअर-तासांची! इतर दिवशीं घाटांतला प्रवास ती तूट कशीबशी भरून काढी. रविवारच्या विश्रांतींत मात्र रांजण आटे. बॅटरी वारंवार अशी रिती राहिली, म्हणजे तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची धारणाशक्ति कायमची जाते. जिला आम्हीं म्हातारी म्हणून टाकली, तिला अकालीं वार्धक्य आणणारे आम्हीच होतों. फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं 1859 सालीं अशी बॅटरी शोधून काढली, हें आम्ही दरवर्षीं शिकवितों. पण फळ्यावरचें ज्ञान फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोंचलेंच नव्हतें!

मिस्त्रींनीं सॉकेट बदलून त्याची तार किल्लीच्या मार्गानें, मध्यें फ्यूज घालून, जोडून दिली. ज्या दुकानांत चौघांदेखत दोष दिला, तेथेंच चौघांदेखत आम्हीं त्यांची क्षमा मागितली. ते हंसून एवढेंच म्हणाले, “पुढच्या वेळीं आधीं विचारा मास्तर, मग रागवा.”

परीक्षा संपल्यावर ही हकीकत आम्हीं वर्गांतहि सांगितली. कारण तो पाऊण तास मुलांचा गेला होता आणि तो कोणामुळें गेला, हें कळण्याचा त्यांस हक्क होता. नंतर फळ्यावर मिस्त्रींचे तीन प्रश्न लिहिले. त्यांखालीं एका विद्यार्थ्यानें उठून चौथा लिहिला: “आपण स्वतः कांहीं जोडलें आहे काय?”

तो प्रश्न आम्हीं त्या दिवशीं पुसूं दिला नाहीं.