घोड्याचा कान

चाळिशी उलटली की माणसे सकाळी घरात एकमेकांना जे विचारतात ते चारचौघांत लिहिण्यासारखे नसते. पण दिवाळी अंक घरातल्या घरातच वाचला जातो, म्हणून धीर करतो.

आमच्याकडे हा प्रश्न अप्पांच्या नावे होता. अप्पा म्हणजे माझे वडील; वय ऐंशी. सकाळी ते बाहेर आले की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून नुसत्या भुवया उंचावीत आणि मी मान हलवून निकाल कळवी. निकाल बहुधा वाईटच असे.

शेवटी मी ईसबगोलाचा डबा आणला, आणि आणला तोही थाटात. मराठीचा प्राध्यापक, वस्तूआधी शब्दाकडे लक्ष जायचे. जेवता जेवता सांगितले, की फारसीत अस्प म्हणजे घोडा; दाणा घोड्याच्या कानासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले म्हणतात. उत्तर गुजरातेतल्या उंझ्याला याचा मोठा बाजार आहे, पुष्कळ माल अमेरिकेला जातो. डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने युगांडात काम केले आणि १९७० नंतर आहारातल्या चोथ्याचे महत्त्व जगाला पटवले, हेही सांगून टाकले. अप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"पाणी किती घ्यायचं?"

"घोटभर पुरे," मी म्हणालो.

रात्री उठावे लागू नये म्हणून अप्पा संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नसत, हे मला ठाऊक होते. साध्या भुशाला भ्यायचे ते काय!

तिसऱ्या रात्री अकराला त्यांच्या खोलीतून भांडे पडल्याचा आवाज आला. अप्पा पलंगावर वाकून बसले होते. बोट छातीवर. श्वास चालू होता, पण लाळसुद्धा खाली उतरत नव्हती. ते ती पंचात टिपत होते. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता, आणि तो हात मला सोडवून घ्यावासा वाटत होता. घोटभर पुरे, हे शब्द माझेच होते.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून तो गोळा काढला. मग आमच्यासमोर कपात चमचाभर भुसा टाकला, वर थोडे पाणी ओतले. दहा मिनिटांनी कप उलटा केला. एक थेंब पडला नाही.

"सर, फुगणं हाच याचा गुण. आतड्यात फुगला की मळ मऊ होतो. घशात फुगला तर हे असं होतं."

पुढचे मी विद्यार्थ्यासारखे ऐकले. पेलाभर, म्हणजे निदान अडीचशे मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचे. वर आणखी पाणी. निजायच्या वेळी नाही. सुरुवात थोड्यावर, नाहीतर पोट गच्च होते. दुसऱ्या औषधांपासून दोन तास दूर, कारण तीही याच्यात अडकतात. मधुमेहाची औषधे चालू असतील तर साखर अधिक उतरू शकते. आणि शौचावाटे रक्त जात असेल किंवा सवय एकाएकी बदलली असेल, तर डबा न उघडता डॉक्टरांकडे यायचे.

"गिळताना अडखळत होते का हो?" त्यांनी विचारले. "अशांना हे द्यायचंच नाही. त्यांची अन्ननलिका खाली अरुंद झालीय."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गेले वर्षभर अप्पा पोळी दुधात कुस्करून खात होते. आम्ही ते दातांवर घातले होते.

नलिका पुढे रुंद करून घेतली. तपासणीत दुसरे काही वाईट निघाले नाही. आता त्यांना पपई, मऊ शिजवलेली भाजी, आणि पाणी दिवसा. घरी येऊन मी डब्यावरची बारीक अक्षरे प्रथमच वाचली. पेलाभर पाण्याची सूचना तिथे होती.

डबा फेकला नाही. माझ्याही सकाळी आता फारशा बऱ्या नसतात. मी ढवळू लागलो की अप्पा काठी टेकीत येतात आणि समोर उभे राहतात.

"सगळा पेला," ते म्हणतात. "तळ दिसू दे."