भुकेची इंग्रजी नावे

आपली मुले इंग्रजी शिकत आहेत, म्हणून हे शब्द आम्ही मांडतो. खाण्याची इच्छा म्हणजे ॲपेटाइट. ती भरल्या घरातही असते. पोट रिकामे असणे म्हणजे हंगर. अन्नावाचून मरणाकडे जाणे म्हणजे स्टार्व्हेशन. पोट भरूनही अंगी सत्त्व न लागणे, हेही मालन्युट्रिशनच. मुलूखच्या मुलूख उपासमारीत सापडला की फॅमिन.

आम्ही कारकुनी करतो. दाखल्यावर एक शब्द चुकला तर सवलत जाते, हे रोज पाहतो. महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून आपल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढला आणि 'स्कॅरसिटी', म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. आता फॅमिन पडण्यास वावच नाही, असे कारण दिले. पुढे १९७२ साली लाखो माणसे खडी फोडायला गेली. कागदावर टंचाई होती, वस्तीत तिला दुष्काळच म्हणत.

आळवी गावी बैल शोधून दमलेल्या गरीब शेतकऱ्याला भगवान बुद्धांनी आधी जेवू घातले, मग धम्म सांगितला, अशी कथा आहे. बंधू-भगिनींनो, मुलांना हे शब्द जरूर शिकवा. मात्र अर्ज लिहाल तेव्हा उपासमारीला टंचाई म्हणू नका. जयभीम!