गिरह

उर्दू शायरीत 'तज़मीन' नावाची एक रीत आहे. दुसऱ्या शायराची ओळ घ्यायची आणि तिला आपल्या ओळी जोडायच्या. त्या जोडण्याला 'गिरह लावणे' म्हणतात. तरही मुशायऱ्यात सर्वांना एकच मिसरा दिलेला असतो. मिसरा सगळ्यांचा सारखा. शायराची ऐपत कळते ती गिरहेवरून. कव्वालही गाता गाता मधेच दुसऱ्याचा शेर आणून बसवतात. त्यालाही गिरहच म्हणतात.

मी हे वर्गात शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी आता संगणकावर संगीत रचतो. आपल्याकडे संगीताचा विषय निघाला की घरोघरी दोन मते असतात, त्यात मी शिरत नाही. पण त्याने एकदा विचारले, "सर, दुसऱ्याच्या रेकॉर्डवरचा तुकडा घेऊन आपले गाणे केले, तर ती चोरी का?"

हा तुकडा म्हणजे लूप. काही सेकंदांचा ध्वनी, फिरून फिरून वाजणारा. नुसता फिरवला तर ती नक्कल. कारागीर मात्र तो चिरतो. एकेक ठोका वेगळा काढतो, क्रम बदलतो, वेग वाढवतो, एखादा ठोका उलटा वाजवतो, एखादी जागा मुद्दाम रिकामी सोडतो. १९६९ साली अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडने 'आमेन, ब्रदर' हे गाणे काढले. त्यात ग्रेगरी कोलमनने चार आवर्तने एकट्याने ड्रम वाजवला. जेमतेम सहा-सात सेकंद. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या तरुणांनी तोच तुकडा चिरून, वेग वाढवून 'जंगल' नावाचे नवे संगीत उभे केले. पुढे हजारो गाण्यांत तो वाजला.

कोलमनला त्याचा मोबदला मिळाला नाही. २००६ साली तो वारला. अखेरीस तो बेघर होता, असे सांगतात. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी करून सुमारे २४,००० पौंड बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. ज्याच्या हातांनी तो ठेका वाजवला, तो तेव्हा हयात नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. नुसरत फतेह अली खाँ यांचा 'मस्त मस्त' हा अल्बम १९९० साली आला. निर्माता मायकेल ब्रूक यांनी त्यांचे गायन कापून-जोडून बसवले. काही ठिकाणी शब्दांची ओळच मधून तुटली आणि अर्थ गेला. खाँसाहेबांना ते मान्य झाले नाही. त्या जागा दुरुस्त कराव्या लागल्या. ज्याला भाषा येत नाही, त्याच्या कानाला 'अल्ला' हाही एक सूर आणि निरर्थक सरगमही एक सूर. कात्री कुठे चालवावी, हे कानाइतकेच अर्थही ठरवतो.

विद्यार्थ्याला मी म्हणालो, "बेटा, तज़मीनमध्ये पराई ओळ आपण 'वावैन'मध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांत लिहितो. ते चिन्ह म्हणजे मूळ शायराचा हक. तुझ्या लूपला असे चिन्ह नाही. म्हणून परवानगी घे, मोबदला लागेल तो दे आणि नाव लिही. मग गिरह अशी लाव, की मूळ वाजवणाऱ्यालाही आपला ठोका नव्याने ऐकू यावा."

आता तो प्रत्येक गाण्याखाली मूळ वादकाचे नाव लिहितो. मित्र हसतात म्हणे. एवढी नावे वाचतो कोण? मी त्याला सांगितले, लिहीत जा. शेर कोणाचा आहे, हे विचारणारा एखादा तरी प्रत्येक मैफलीत असतोच.