झोळीचं दुसरं टोक



गेल्या जुलैत आम्ही दोघं ठाण्याहून पॅरामॅटाला मुलाकडे गेलो, तेव्हा नातू आठ महिन्यांचा होता आणि त्या घरात कोणीच झोपत नव्हतं. बाळ रात्री पाच-सहा वेळा उठायचं. दर वेळी सून त्याला छातीशी लावून, फेऱ्या मारून झोपवायची आणि कॉटमध्ये ठेवलं की पुन्हा रडणं सुरू. पंधरा दिवसांनी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. आदल्याच आठवड्यात गाडी चालवताना सिग्नलला तिचा डोळा लागला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला म्हणून जाग आली. हे तिनं आम्हाला सांगितलं नाही, मुलानं सांगितलं.

"त्याला आपलं आपण झोपायला शिकवणार आहोत," मुलगा म्हणाला. "थोडा रडेल. तुम्ही दोघं मध्ये पडू नका."

आम्ही मान हलवली, पण मनातून पटलं नव्हतं. झोप ही काय शिकवायची गोष्ट आहे?

आमच्या घरात ती कोणी शिकवली नव्हती. अलिबागजवळच्या गावी आमच्या आजेसासूबाईंच्या वेळी घरचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून गाव आपल्या लोकांना 'शनवार तेली' म्हणे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. घाण्याशेजारच्या पडवीत तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असे. जाता-येता जो कोणी असेल तो झोका देई. दिवसभर घाण्याची करकर चाले आणि त्या आवाजात पोरं गाढ झोपत. पुढे मुंबईत दोन खोल्यांच्या घरात आम्ही नऊ माणसं राहत होतो. तिथंही झोळी होती. बाळ कोणाच्या हातून झोपलं, हे कोणी विचारत नसे.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. घरी आम्ही झोळीवाले होतो आणि कामावर घड्याळवाले. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली नर्सिंगला गेल्या. डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, त्यांचं नाव घेऊनच आमच्या आया आम्हाला डिप्लोमाला धाडत. पुढे एका खासगी प्रसूतिगृहात काम करताना बाळं रात्री आईजवळ नसत, वेगळ्या खोलीत असत. दूध दर चार तासांनी. मधे रडलं तर रडू द्यायचं. एखादी बाळंतीण दाराशी येऊन "माझंच रडतंय ना?" विचारायची आणि आम्ही तिला परत खाटेवर पाठवायचो. बाळांना कुशीवर, कधी पालथंही निजवायचो. तेव्हा तेच बरोबर वाटे.

ते घड्याळ कुठून आलं, हे इथं आल्यावर नीट समजलं. न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांनी १९०७ साली आया-बाळांसाठी संस्था काढली. चार-चार तासांनी दूध, रात्री दूध नाही, उगाच उचलणं नाही, ही त्यांची शिकवण. सिडनीतली कॅरिटेन ही संस्था १९२३ साली त्याच विचारातून सुरू झाली. ट्रेसिलियन त्याहून जुनी, १९१८ची. दोन्ही आजही चालू आहेत, पण आता तिथल्या नर्सा घड्याळापेक्षा बाळाकडे बघायला सांगतात. ज्यांना घरी जमत नाही, त्यांना बाळासकट काही दिवस राहताही येतं.

मुलानं-सुनेनं आधी बाळ तपासून घेतलं. वजन ठीक, कान ठीक, आजार काही नाही. मग चाइल्ड अँड फॅमिली हेल्थ नर्सनं त्यांना रीत समजावली. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे करायचं नाही. संध्याकाळचा क्रम रोज एकच ठेवायचा: अंघोळ, दूध, गोष्ट, दिवा बंद. बाळ जागं असतानाच कॉटमध्ये ठेवायचं. बापानं खुर्ची टाकून जवळ बसायचं, थोपटायचं, पण उचलायचं नाही. दर काही रात्रींनी खुर्ची दाराकडे सरकवायची. बाळाला एकटं टाकून दार लावून घेणं त्यात नव्हतं. मेलबर्नच्या संशोधकांनी अशाच पद्धतींचा ३२६ बाळांवर अभ्यास केला आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: मुलांचं नुकसान झालेलं नव्हतं. दूरचा फायदाही दिसला नाही, पण त्या सुरुवातीच्या काळात आयांना मात्र आराम पडला होता.

निजवण्याचे नियमही आता वेगळे. ऑस्ट्रेलियात १९९१ सालापासून याची मोहीम चालू आहे; आता सांगतात की बाळाला उताणंच निजवा, तोंड-डोकं झाकू नका, उशी नको, गादी घट्ट असू द्या, पहिले सहा महिने तरी कॉट आपल्याच खोलीत ठेवा. ती मोहीम सुरू झाल्यापासून झोपेतले अकस्मात मृत्यू खूपच कमी झाले. आम्ही बॅगेतून नेलेली मोहरीची उशी बॅगेतच राहिली.

पहिल्या रात्री नातू चाळीस मिनिटं रडला. दुसऱ्या रात्री पंचवीस. तिसऱ्या रात्री मुलगा पाणी प्यायला बाहेर आला आणि आम्हाला राहवलं नाही. आम्ही दोघं आत शिरलो, चादर घेतली, दोन टोकं ह्यांनी धरली, दोन आम्ही, आणि मधे बाळाला घालून झोका दिला. तीन मिनिटांत झोपला! आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा.

दोन वाजता तो उठला. आता त्याला झोका हवा होता. सव्वा तास रडला, पहिल्या रात्रीपेक्षाही जास्त. सून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही महिन्याभरानं परत जाल. मग झोळीचं दुसरं टोक कोण धरणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या झोळीला नऊ माणसांचे हात होते. इथं दोघंच, आणि दोघांनाही सकाळी कामाला जायचं. आम्ही ज्याला माया म्हणत होतो, ती त्या घराला परवडणारी नव्हती. प्रसूतिगृहात आम्ही आईला बाळापासून दूर ठेवलं होतं. इथं आई-बाप शेजारीच बसून होते, तरी निर्दय तेच वाटले.

चौथ्या रात्रीपासून आम्ही आमच्या खोलीचं दार लावून घेतलं. रडणं सुरू झालं की हे तेहिल्लीम वाचत. आम्ही पहाटेची पाळी घेतली. साडेपाचला बाळ उठलं की त्याला गुंडाळून प्रॅममधून नदीकाठी न्यायचं, म्हणजे त्या दोघांना सातपर्यंत झोप. डबे आम्ही करायचो. संध्याकाळच्या क्रमात आमची एकच भर पडली. दिवा मालवण्याआधी आजोबा शमा म्हणू लागले. सूनबाईनं एकसारखा घरघरणारा आवाज काढणारं छोटं यंत्र लावलं, तेव्हा हे म्हणाले, "अरे, हा तर आमचा घाणा!" त्या घरात कितीतरी दिवसांनी सगळे हसले.

नवव्या रात्री नातू आठ ते साडेचार झोपला. पुढे दात येताना आठवडाभर पुन्हा बिनसलं, मग सावरलं. निघण्याआधीच्या शनिवारी, शब्बाथ संपल्यावर, हॅरिस पार्कातून आणलेल्या पोह्यांचा मलिदा केला आणि एलियाहू हन्नाबीचे आभार मानले. आरतं-परतं गाणं मोठ्यानं चाललं होतं, नातू आत झोपलेला होता.

तुमच्या घरी झोळी कुठे बांधत, कोण झोका देई, काय गात? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. आणि परदेशातल्या सुनेकडे जाल, तेव्हा आधी तिला झोपू द्या.