वेताळास अनावृत पत्र

प्रिय वेताळा,

तुला खांद्यावर घेणारा राजा आमच्या पैठणचा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, राजा त्रिविक्रमसेन एका भिक्षूच्या सांगण्यावरून रात्री मसणात जातो आणि तू ज्यात शिरला आहेस ते प्रेत झाडावरून उतरवतो. आमच्या पिढ्यांना मात्र तू भेटलास तो ‘चांदोबा’ मासिकात. चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते चित्र: राजाच्या हाती उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, पायांशी कवट्या. शंकर २०२० साली गेले. चित्र काही डोळ्यांपुढून जात नाही.

तुझ्या भीतीत आम्ही पुन्हा पुन्हा का शिरलो, ते मला तुला सांगायचं आहे. सिनेमातलं भूत त्याला हवं तेव्हा अंगावर येतं. चित्रातली भीती मात्र पोराला आपल्या बेतानं घेता येते. पोर पान मिटतं, थोड्या वेळानं परत उघडतं, कोपऱ्यातली कवटी आधी बघतं आणि तुझ्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी. चित्रकथेत तर दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं, हे त्याचं त्यालाच रचावं लागतं.

आणि तू नुसता घाबरवून थांबत नाहीस, तू विचारतोस. तुझ्या एका कथेत मदनसुंदरी घाईत नवऱ्याचं तुटलेलं शिर भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या धडावर बसवते. दोघं जिवंत होतात. आता तिचा नवरा कोणता? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलं तर डोक्याची शकलं होणार, बोललं तर तू पुन्हा झाडावर. राजा अडकतो तसं वाचणारं पोरही अडकतं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या न्याय करू लागतं.

पण तुझी खरी थोरवी शेवटी कळते. रोज फळात रत्न दडवून आणून देणारा तो भिक्षू राजाचाच बळी द्यायला टपलेला असतो, आणि त्याचा डाव उघड करून राजाला वाचवतोस तू, प्रेतात राहणारा! ज्याला भ्यायचं तो खरं बोलला आणि ज्याच्या पाया पडायचं तो घातकी निघाला. हे मुलांना इतक्या स्पष्टपणे दुसरं कोण सांगतं?

सत्तेला हे आवडत नाही. १९५४ साली अमेरिकेत सिनेटच्या उपसमितीनं कॉमिक्सची चौकशी केली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असं मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम मांडत होते. धास्तावलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. चालती प्रेतं, रक्तपिपासू, नरभक्षक बंद. शीर्षकात ‘हॉरर’ हा शब्दही नको. त्याच संहितेत दुसरा नियम होता: पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांचा मान कमी होईल असं काही दाखवायचं नाही. हे दोन्ही नियम एकाच कागदावर असावेत, हा मला योगायोग वाटत नाही. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ हे भयकथांचं कॉमिक १९५५ मध्ये बंद पडलं. त्या संहितेपुढे तूही दोन्ही कलमांखाली दोषी ठरला असतास.

आमच्याकडे तुझी अशी गत झाली नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तर लोक वेतोबा म्हणून तुला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाची राखण करताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी या लेखकांनी भयकथा लिहून मोठ्यांनाही मनसोक्त घाबरवलं. तरी भयकथा म्हटलं की समीक्षक नाक मुरडतात आणि पालक पुस्तक काढून घेतात. मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे, त्यांनीही वाचावं म्हणून. मराठी प्रकाशकांनो, चांगल्या चित्रकारांना पुरेसं मानधन देऊन वेताळाच्या पंचवीसही कथा मुलांसाठी नव्यानं काढून घ्या, आणि प्रेत प्रेतासारखंच काढू द्या. आईबाबांनो, पोर घाबरलं तर पुस्तक हिसकावू नका. शेजारी बसा आणि वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर आधी त्याला देऊ द्या.

तुझा,
एक जुना वाचक